झेंडी पडण्यापूर्वी

दोन विद्यापीठांचे खेळाडू बुद्धिबळाचा ‘ब्लिट्झ’ डाव मांडून बसले, की धाप लागते ती बघणाऱ्याला! ब्लिट्झ हा मूळचा जर्मन शब्द. त्याचा अर्थ वीज. ‘फिडे’ या जागतिक संघटनेच्या नियमानुसार अशा डावात प्रत्येकाला १० मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ मिळतो. जागतिक स्पर्धेत तर अवघी ३ मिनिटे आणि दर खेळीमागे २ सेकंदांची भर. शिवाय ज्या हाताने मोहरा हलवायचा, त्याच हाताने घड्याळाची कळ दाबायची. एक हात पटावर अन् दुसरा कळीवर, ही चलाखी चालत नाही.

असा एक डाव डोळ्यांपुढे आणा. पांढऱ्याकडे राजा आणि वजीर. काळ्याकडे राजा आणि कडेचे एकुलते एक प्यादे. पांढरा आता मात करणार, असे कोणीही म्हणेल. इतक्यात त्याची वेळ संपते. खेळाडूंच्या भाषेत झेंडी पडते. निकाल काय? काळा जिंकला! कारण त्या प्याद्याचा पुढे वजीर होऊ शकतो, म्हणजे मात अशक्य नाही. तेच प्यादे आधी मारले असते, तर एकट्या राजाला मात करता येत नसल्यामुळे डाव बरोबरीत सुटला असता. आणि सांघिक सामन्यात अर्ध्या गुणावरही ढाल हुकते!

अखेरच्या दहा सेकंदांत हे सुचते कोणाला? ज्याने ते आधी स्वस्थपणे शिकून ठेवले आहे, त्याला. अमेरिकेतल्या कार्नेगी-मेलन विद्यापीठातील विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांचा १९७३ सालचा प्रयोग हेच सांगतो. त्यांनी खेळाडूंना पाच सेकंद पट दाखवून तो आठवणीने मांडायला लावला. खऱ्या डावातली मांडणी निष्णात खेळाडूने नवख्यापेक्षा कितीतरी बिनचूक उभी केली. मोहरे वाटेल तसे विखुरताच मात्र त्याची सरशी जवळजवळ संपली. त्याची नजर दैवी नव्हती, सरावाने ओळखीच्या झालेल्या रचना तिला दिसत होत्या.

तेव्हा, वाचकहो, या दिवाळीच्या सुट्टीत तुमची मुलगी एकेका खेळीपाशी पाव पाव तास अडून बसली, तर ‘आटप लवकर’ म्हणून तिच्यामागे लागू नका. उद्याच्या तीन मिनिटांची ती बेगमी करीत आहे. फराळाची बशी तेवढी पटाशेजारी सरकवा!