घरच्या टपालाला दार बंद

गिरगावातील चाळीत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या एखाद्या माणसाने कपाटावर लहानसा संगणक ठेवला, स्वतःच्या नावाचे डोमेन घेतले आणि तेथूनच आपले ई-मेल पाठवायचे ठरवले, तर शास्त्रदृष्ट्या त्यात अशक्य असे काही नाही. ई-मेलची देवघेव ज्या नियमांनी होते ते एस.एम.टी.पी. नावाचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले. कोणता संगणक मोठा आणि कोणता लहान, असा भेद त्यांत नाही. कोणत्याही यंत्राने दुसऱ्या यंत्राचे दार ठोठवावे आणि पत्र देऊन यावे, इतकी ती साधी कल्पना आहे. वीज गेली तर काय, ही शंकाही फारशी टिकत नाही. बेस्टची वीज शहर भागात क्वचित जाते, आणि गेलीच तरी पाठवणाऱ्या यंत्राने चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा, असे नियमच सांगतात. तरीही गिरगावातील त्या खोलीतून निघालेले पत्र बहुधा गिरगावाबाहेर पडत नाही, आणि पडलेच तर ज्याला लिहिले त्याच्या कचरापेटीत जाऊन बसते.

पहिला अडसर घराच्या उंबरठ्यावरच असतो. सर्व्हरकडून सर्व्हरकडे टपाल जाते ते पंचवीस क्रमांकाच्या दारातून, आणि घरगुती जोडण्यांसाठी हे दार अनेक कंपन्या बंद ठेवतात. दुसरा अडसर पत्त्याचा. दादर-लालबागच्या जुन्या पिढीला ‘पी. पी.’ नंबर आठवत असेल. चाळीत टेलिफोन एखाद्याकडेच असे, आणि बाकीचे भाडेकरू आपल्या अर्जांवर तोच क्रमांक ‘पी. पी.’ ही अक्षरे जोडून देत. फोन आला की गॅलरीतून हाक जाई. आज घरोघरी स्वतंत्र ब्रॉडबँड आहे असे ग्राहकाला वाटते; परंतु जुन्या पद्धतीचे आकडी पत्ते जगात सुमारे ४३० कोटीच आहेत, आणि आशिया-प्रशांत विभागाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच आटला. त्यामुळे अनेक कंपन्या कित्येक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. पी. पी. नंबर असा परत आला आहे. हाक मारणारा शेजारी मात्र परत आलेला नाही. बाहेर जाणारी मागणी जाते, आत येणारे टपाल कोणाच्या खोलीत द्यायचे हे सांगायला कोणी नाही. शिवाय त्याच पत्त्यामागच्या एकाच्या संगणकाला विषाणूची बाधा झाली, तर काळ्या यादीत नाव सर्वांचे जाते. नव्या पद्धतीचे पत्ते विपुल आहेत, पण त्या वाटेने येणाऱ्या टपालाची तपासणी अधिकच कडक असते. नावावरून पत्ता सांगणारी नोंद ग्राहक स्वतः करू शकतो. पत्त्यावरून नाव सांगणारी उलट नोंद कंपनीच्या हाती असते, आणि ती नसली की समोरचा सर्व्हर पत्राकडे संशयाने पाहतो.

हा सारा बंदोबस्त उगाच झालेला नाही. १९७८ साली अमेरिकेत एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना एकच जाहिरात धाडली, तेव्हापासून ही कटकट सुरू आहे. २००३ च्या ऑगस्टमध्ये ‘सोबिग’ या विषाणूने सामान्य माणसांच्या संगणकांकरवी ई-मेलचा असा पूर आणला की, घरगुती जोडणीवरून थेट आलेले टपाल घेऊच नये, हे शहाणपणाचे ठरले. पंचवीस क्रमांकाचे दार बंद केले नसते तर आज ई-मेल वापरण्याजोगे उरले असते की नाही, याची शंकाच आहे.

परंतु त्या काळी जी सोय नव्हती ती आता आहे. पत्र खरोखर त्याच डोमेनवरून आले आहे, हे सिद्ध करणारी सांकेतिक सही आज कोणालाही करता येते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांवर ओळख पटवण्याच्या ज्या अटी घातल्या, त्या जाचक नाहीत. दिवसाला पाच हजारांवर पत्रे पाठवणाऱ्यांना त्या अधिक कडक आहेत आणि ते योग्यच आहे. तक्रार निराळी आहे. सही पटल्यावरही पाठवणारा कोणत्या आळीत राहतो, एवढ्यावरून पत्र नाकारायचे आणि कारण विचारण्याची वाटही ठेवायची नाही, याला बंदोबस्त म्हणता येत नाही.

हा हौशी तंत्रज्ञांचा प्रश्न आहे असे समजून शिक्षकांनी व कारकुनांनी पान उलटू नये. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट जनतेला खुले केले, तेव्हा मुंबईकरांच्या कार्डांवर ‘जीआयएएसबीएम’ अशा अक्षरांचे पत्ते असत. ते पत्ते गेले. त्यांवरचा पत्रव्यवहार कोणी जपला? जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीची सेवा अचानक थांबवली. पैसे भरलेले असूनही कर्मचाऱ्यांना स्वतःचे ई-मेल उघडता येईनात. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. नायरापाशी वकील होते. नायगावच्या एखाद्या वाचनालयाचे किंवा परळच्या रात्रशाळेचे खाते असेच बंद झाले, तर त्यांनी कोणाचे दार ठोठवावे?

तूर्त एक मधला मार्ग आहे. येणारे टपाल घरच्या किंवा संस्थेच्या यंत्रावर घ्यावे आणि जाणारे टपाल एखाद्या सेवेला पैसे देऊन तिच्यामार्फत पाठवावे. यात स्वावलंबन अर्धेच राहते; पण डोमेन आपले असल्याने सेवा बदलता येते आणि पत्ता तोच राहतो. डोमेन संस्थेच्या नावाने घ्यावे, चिटणिसांच्या नावाने नव्हे, हे येथे सांगितलेले बरे. चिटणीस बदलतात.

सर्व माहितीला समान वागणूक देण्याची अट सरकारने २०१८ साली इंटरनेट कंपन्यांच्या परवान्यांत घातली. त्या वेळची चर्चा ग्राहकाला काय पाहता येईल याविषयी झाली. त्याला काय पाठवता येईल, हा प्रश्न बाजूलाच राहिला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने तो आता हाती घ्यावा. दार सरसकट उघडावे अशी मागणी कोणी करणार नाही. जो ग्राहक लेखी मागणी करील, गैरवापराची जबाबदारी घेईल, त्याच्यासाठी ते उघडावे, आणि स्थिर पत्ता व उलट नोंद वाजवी दरात द्यावी, एवढे पुरे आहे. हा दर किती, हे कंपन्यांनी आपल्या दरपत्रकात उघड छापावे. त्यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही.