एका वर्षाचा प्लंबर आणि दोन वर्षांचा कायदा

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवायचे. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशी यादी. काम सोपवलं शालेय शिक्षण विभागाकडे. ही बातमी आमच्या ढाणकीत पोचली ती व्हॉट्सॲपवरून, आणि पोचेपर्यंत तिच्यातले 'करार', 'टप्पा', 'पात्रता' हे शब्द गळून पडले होते. उरलं होतं एवढंच: जर्मनीत नोकरी आहे, सरकार पाठवतंय, कागदपत्रं तयार ठेवा.

ढाणकी उमरखेड तालुक्यात येतं. जिल्हा यवतमाळ, पण दवाखान्याला आणि क्लासला माणसं नांदेडला जातात, आणि नोकरीला पुण्याला. शेतात कापूस, सोयाबीन, थोडी हळद. या भागातल्या ज्या पोराला इंजिनिअरिंग झेपत नाही किंवा परवडत नाही, तो आयटीआय करतो. म्हणजे सरकारच्या यादीतला माणूस तो. मी नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्यात बसून कोड लिहितो. म्हणूनच हा हिशेब मला मांडायचा आहे. कारण जर्मनीचे नियम वाचल्यावर दिसतं की ज्याला बोलावल्याची जाहिरात झाली त्याच्यासाठी दार अर्धवटच उघडं आहे, आणि ज्याला जाण्याची फारशी निकड नाही त्याच्यासाठी ते सताड उघडं आहे.

१ जून २०२४ पासून जर्मनीने 'संधी कार्ड' सुरू केलं. हातात नोकरी नसताना तिकडे जाऊन वर्षभर नोकरी शोधण्याचा हा व्हिसा. मायदेशी मान्य असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण हवं, शिवाय जर्मनची अगदी पहिली पायरी किंवा बऱ्यापैकी इंग्रजी. त्यावर सहा गुण जमवायचे. आता माझे गुण मोजा. वय पस्तिशीच्या आत, दोन. सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव, तीन. चांगली इंग्रजी, एक. झाले सहा. जर्मनचा एक शब्दही न शिकता. शिवाय आयटीवाल्यांसाठी ब्लू कार्डाचा वेगळा रस्ता आहे, तिथे पुरेसा अनुभव असेल तर पदवीचीही अट नाही.

आता उमरखेडला इलेक्ट्रिशियनचा आयटीआय करून मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काम करणारा मुलगा घ्या. वयाचे दोन. पाच वर्षं काम केलं असेल तर तीन. झाले पाच. सहाव्यासाठी जर्मनची दुसरी पायरी, म्हणजे ए-टू पास व्हायला हवी. अनुभव दोनच वर्षांचा असेल तर चारच गुण होतात आणि त्याला बी-वन गाठावी लागते. हे अशक्य नाही. पण तो अनुभव कागदावर कुठे आहे? दुकानाला लेटरहेड नाही, पगाराची स्लिप नाही, पीएफ नाही. रोज संध्याकाळी हातात मिळालेल्या पाचशेच्या नोटेला कुठलाच दूतावास अनुभव म्हणून मोजत नाही. पाच वर्षं त्याने ऐन हंगामात आख्ख्या पंचक्रोशीचे पंप चालू ठेवले, आणि जर्मनीच्या हिशेबात तो काल शाळेतून बाहेर पडलेला आहे. वरून वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच बँकेत अडकवून दाखवायचे. दर महिन्याला हजार युरोहून अधिक, म्हणजे अकरा-बारा लाखांच्या वर. आमच्याकडे एवढे पैसे एकदम उभे करायचा एकच मार्ग असतो आणि तो सातबाऱ्यावरून जातो.

हा झाला इलेक्ट्रिशियन. प्लंबरचं तर याहून वाईट. आपल्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे ट्रेड आहेत. प्लंबर आणि वेल्डर एका वर्षाचे. आणि जर्मनीने २०२३ आणि २०२४ मध्ये जे रस्ते सोपे केले, त्यांतल्या तिन्ही मुख्य रस्त्यांवर एकच अट लिहिली आहे: किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण. संधी कार्डाला ती आहे. तिकडे नोकरी करता करता प्रमाणपत्राला मान्यता मिळवण्याच्या योजनेला ती आहे. अनुभवाच्या जोरावर थेट नोकरी मिळवायच्या तरतुदीलाही ती आहे, आणि त्या तरतुदीत २०२४ साली वर्षाला ४०,७७० युरो पगाराची सर्वसाधारण अटही होती. म्हणजे आपल्या सरकारने ज्याचं नाव यादीत छापलं तो प्लंबर, आपल्याच सरकारने आखलेल्या अभ्यासक्रमामुळे या तिन्ही रस्त्यांवरून बाद होतो. त्याच्यापुढे उरतं काय? आधी बी-वनपर्यंत जर्मन शिकायची आणि तिकडे जाऊन शिकाऊ उमेदवार म्हणून पुन्हा पहिल्यापासून साडेतीन वर्षं तेच काम शिकायचं. ड्रायव्हरची गत अशीच. भारतीय लायसन्सवर तिथे ट्रक चालवता येत नाही. युरोपीय लायसन्स आणि व्यावसायिक चालकाची पात्रता वेगळी मिळवावी लागते.

मी जर्मनीवर चिडलेलो नाही. त्यांचा देश, त्यांचे नियम, आणि ते नियम त्यांनी उघडपणे छापून ठेवले आहेत. त्यांनाही हे सहज जमलेलं नाही. २००० साली तिथल्या सरकारने वीस हजार आयटी तज्ज्ञांसाठी ग्रीन कार्ड काढलं, तेव्हा युर्गेन र्‍यूटगर्स नावाच्या नेत्याने 'भारतीयांऐवजी आपली मुलं' या अर्थाच्या घोषणेवर प्रचार केला होता. त्याच देशाने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांपर्यंत नेण्याची घोषणा केली. त्यांची गरज खरी आहे. माझा राग आपल्या सरकारवर आहे. ज्यांच्याशी करार केला त्यांचा कायदा वाचून आपला अभ्यासक्रम त्याच्याशी जुळतो का, हे घोषणेच्या आधी तपासायला हवं होतं. ते एका कारकुनाचं आठवडाभराचं काम आहे.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: 'पोरांना शिकायला नको, सगळं आयतं हवं.' गोएथे इन्स्टिट्यूटच्याच अंदाजाने बी-वनसाठी पंचेचाळीस मिनिटांच्या साडेतीनशे ते साडेसहाशे तासिका लागतात. रोज दोन तासिका धरल्या, एकही सुट्टी घेतली नाही, तरी सहा महिने ते वर्ष. गोएथेच्या शाखा पुण्या-मुंबईत. ढाणकीच्या मुलाने तिथे खोली करून राहायचं, जेवायचं, फी भरायची, आणि त्या काळात घरी काहीही पाठवायचं नाही. हे करू शकणाऱ्या घराला जर्मनीची गरजच कमी असते. पोरं आळशी नाहीत. हीच पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे चारला उठून रस्त्यावर धावतात. कारण तिथे काय करायचं ते माहीत आहे आणि मैदान गावात आहे.

दुसरं उत्तर पुण्यातल्या सुशिक्षित दिवाणखान्यांतून येतं: 'आपलं मनुष्यबळ बाहेर का पाठवायचं, इथेच रोजगार निर्माण करा.' हे म्हणणाऱ्यांच्या घरचं कुणीतरी हमखास म्युनिकला किंवा न्यू जर्सीला असतं. इंजिनिअर गेला की ती प्रगती, त्याच्या निरोपाला पेढे. आयटीआयवाला निघाला की लगेच देशाचं नुकसान. इथे रोजगार निर्माण व्हायलाच हवा, यावर वाद नाही. पण तो होईपर्यंत बावीस वर्षांच्या मुलाने नेमकं कुठे बसायचं? पानटपरीवर?

आणि सरकारने सोडलेली जागा रिकामी राहत नाही. तिथे एजंट येतो. आमच्या भागातल्या एका मुलाकडून एका एजंटने 'जर्मनीच्या फाइल'चे म्हणून दोन लाख घेतले. वर्षभरात हातात काय आलं, तर तीन महिन्यांचा ऑनलाइन क्लास आणि एक लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला केंद्र सरकारची नोंदणी लागते, आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. ही दोन वाक्यं मी उमरखेड तालुक्यातल्या एकाही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कधी वाचलेली नाहीत. लॉटरीची तिकिटं विकल्यासारखा करार जाहीर करायचा आणि खबरदारीची सूचना मात्र ज्याने त्याने शोधून काढायची, हा कुठला न्याय?

केरळचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, त्यांचं वेगळंच आहे. वेगळं आहेच. १९६० च्या दशकात चर्चच्या ओळखीने केरळच्या मुली पश्चिम जर्मनीत नर्सिंगला गेल्या. पण पुढचं सगळं आपोआप झालं नाही. परदेशी नोकरभरतीसाठी तिथल्या सरकारने १९७७ मध्ये ओडेपेक ही स्वतःची कंपनी काढली. १९९६ मध्ये अनिवासी केरळीयांसाठी नोर्का हा स्वतंत्र विभाग स्थापन केला. २०२१ च्या डिसेंबरात नोर्काने जर्मनीच्या केंद्रीय रोजगार संस्थेशी नर्सांसाठी करार केला, त्यात बी-वनपर्यंतची जर्मन मोफत शिकवली जाते. म्हणजे करारावर सही करण्याआधी त्यांच्याकडे चाळीस वर्षांची यंत्रणा होती. आपण सही आधी केली आणि यंत्रणा म्हणून शाळा-मास्तरांच्या खात्याकडे बोट दाखवलं.

यातून मार्ग निघणारच नाही असं मुळीच नाही. महाराष्ट्रात चारशेहून जास्त शासकीय आयटीआय आहेत. दर जिल्ह्यातल्या निदान दोन आयटीआयमध्ये प्रवेशाच्या पहिल्या दिवसापासून जर्मन शिकवा, म्हणजे इलेक्ट्रिशियन दोन वर्षांनी बी-वन घेऊनच बाहेर पडेल. प्लंबर-वेल्डरसाठी दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम आखा आणि जर्मनी तो धरेल का, हे आधी त्यांच्याकडून लेखी घ्या. छोट्या दुकानांत काम करणाऱ्यांच्या अनुभवाची नोंद आयटीआयमार्फत व्हावी. बँकेत अडकवायच्या पैशांसाठी सरकारी हमीचं कर्ज द्या, ते पैसे तसेही खर्चासाठी त्या मुलालाच परत मिळतात. नोंदणीकृत एजंटांची यादी मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत चिकटवा. आणि दर तीन महिन्यांनी एक आकडा जाहीर करा: कुठल्या तालुक्यातून किती जणांनी नाव नोंदवलं, किती जण कुठली परीक्षा पास झाले, किती जण विमानात बसले.

हा शेवटचा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पेरणी झाली की आमच्याकडे आठवड्याभरात बांधावर जाऊन बघतात, किती उगवलं. नाही उगवलं तर बियाण्याची पिशवी आणि पावती घेऊन माणूस थेट कृषी केंद्रात जातो आणि जाब विचारतो. दहा हजारांची पेरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली आहे. उमरखेड तालुक्यात किती उगवलं, ते सरकारने सांगावं. पावती आम्ही जपून ठेवली आहे.