विश्लेषण : दोर, कागद आणि 'हस्तकले'चा शिक्का

शिल्प म्हटले की दगड, लाकूड, ब्राँझ आठवते. दोर, धागा किंवा कागदाचा लगदा यांतून घडलेल्या कृतींवर मात्र अनेकदा 'हस्तकले'चा शिक्का बसला. तो आता पुसट होतो आहे. पण कौतुकापाठोपाठ निगराणी आली नाही, तर या कृती टिकणार कशा?

दोरातून शिल्प कसे घडले?

मुंबईत १९४९ मध्ये जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी बडोद्यात चित्रकला शिकल्या. के. जी. सुब्रमण्यन हे त्यांचे गुरू. रंगवलेल्या दोरांना हाताने गाठी मारत त्यांनी माणसाहून उंच शिल्पे उभी केली. त्यासाठी ना माग होता, ना आधी काढलेला आराखडा. एकेका कृतीला महिनोन्महिने लागत. १९८४ ची 'यक्षी' देवतेसारखी भासते आणि उमलत्या वनस्पतीसारखीही.

कागदाचे वेगळेपण काय?

अलीगढमध्ये १९३७ साली जन्मलेल्या झरिना हाश्मी यांचे आयुष्य अनेक देशांत गेले. कागदाच्या लगद्यातून त्यांनी शिल्पेही घडवली. 'होम इज अ फॉरेन प्लेस' (१९९९) या ३६ काष्ठठशांच्या मालिकेत घराशी जोडलेले उर्दू शब्द आहेत. सुटलेल्या घराची गोष्ट सांगायला, सोबत नेता येणारा कागदच योग्य ठरला.

मग उपेक्षा का?

विणणे, शिवणे, गाठी मारणे ही 'बायकांची कामे' किंवा कारागिरांची, हा समज त्यामागे आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९६९ मध्येच तंतुकलेचे मोठे प्रदर्शन भरवले होते. तरीही मुखर्जींच्या कामाचे अमेरिकेतील पहिले सर्वंकष प्रदर्शन 'मेट ब्रॉयर'मध्ये झाले ते २०१९ साली, त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी.

आता काय हवे?

उजेडाने रंग उडतो, दमटपणाने बुरशी येते, कसर कागद खाते. म्हणूनच अशा कृतींवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू नये, असा संग्रहालयांचा संकेत आहे. मुंबईसारख्या दमट शहरात तर हवेतील आर्द्रता आटोक्यात ठेवणे हा रोजचा खर्च आहे. कलाकृती घेताना हा खर्च अंदाजपत्रकात धरला नाही, तर तो मान अर्धाच. धाग्याची आणि कागदाची जाण असलेले विणकर, कागद बनवणारे कारागीर यांनाही जतनाच्या कामात सन्मानाने सामावून घ्यायला हवे. ज्यांच्या विद्येला 'हस्तकला' म्हणून खालची पायरी दिली गेली, तीच विद्या आज या कृतींचे आयुष्य वाढवू शकते.