झाकणाची खालची बाजू

वसंतात अमेरिकेतल्या जंगलांत उजाडायच्या सुमाराला रानटी टर्कीचा नर ओरडू लागतो आणि मादी आवाजाच्या रोखाने त्याच्याकडे जाते. शिकारी हा क्रम उलटा करतो. झाडाच्या बुंध्याला टेकून, जराही न हलता तो मादीचा आवाज काढतो आणि नराला आपल्याकडे यायला लावतो. हा आवाज निघतो एका लांबट लाकडी पेटीतून. तिला ‘बॉक्स कॉल’ म्हणतात. आर्कान्सातल्या डार्डनेलच्या हेन्री गिब्सन यांनी १८९७ साली तिचं पेटंट घेतलं. मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही.

पातळ भिंतींची, वरून उघडी पेटी आणि तिच्या एका टोकाला स्क्रू-स्प्रिंगने अडकवलेलं, मूठ असलेलं झाकण. झाकणाच्या पोटाला खडू घासायचा आणि ते भिंतीच्या काठावरून आडवं ओढायचं. लाकूड लाकडाला धरतं, सुटतं, लगेच पुन्हा धरतं. त्या धरसोडीने भिंत थरथरते आणि पोकळीत आवाज घुमतो. राळ लावलेला गज व्हायोलिनच्या तारेवर हेच करतो. तेव्हा ही पेटी वाद्यच आहे, आणि तिची पारख वाद्यासारखीच व्हायला हवी.

होतं मात्र वेगळंच. हाती बनवलेल्या पेट्या जमवणाऱ्यांची नजर आधी झाकणाच्या वरच्या बाजूवर जाते. तिथे कोरीवकाम असतं, रंगवलेले पक्षी असतात, जडावाच्या पट्ट्या असतात. ही मेहनतही खरी आहे. पण टर्कीला ती दिसत नाही आणि तिच्यामुळे सूर सुधारत नाही. कारागिराचं खरं कसब झाकण उलटं केल्यावर कळतं.

झाकणाचं पोट सपाट नसतं. त्याला रुंदीच्या दिशेने अगदी हलका बाक असतो. बोट फिरवलं तर जाणवेल, नुसतं बघून चटकन लक्षात येणार नाही. या बाकामुळे झाकण काठाला जेमतेम एका ठिकाणी टेकतं आणि ओढताना ती जागा सरकत जाते. मादीच्या हाकेत आधी उंच, स्वच्छ सूर लागतो आणि तो मोडून खालच्या खरखरीत सुरात उतरतो. ही मोड त्या सरकण्यातून येते. बाक बिघडला की हाक एकसुरी होते किंवा घुसमटते.

म्हणून साच्यावरून कापलेलं झाकण तयार झालं असं कुणी जाणकार मानत नाही. तो ते पेटीवर बसवतो, ओढून ऐकतो, काढतो, सँडपेपरचे दोन हात मारतो, परत बसवतो. अक्रोडाच्या दोन फळ्यासुद्धा वजनाला सारख्या नसतात. मग यंत्राने दोन्हींना एकच बाक दिला तरी आवाज सारखा कसा येईल? बाहेरून पॉलिश चालतं, पोटाला आणि काठांना मात्र अजिबात नाही. बोटाचं तेल लागलं तरी झाकण नुसतं घसरतं.

मिरजेच्या तंबोऱ्याचं मर्म ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. घोडीच्या वरच्या अंगाचा किंचित उतार कानसेने घासत, तार छेडत, ऐकत जवारी काढतात. भोपळ्यावरची वेलबुट्टी कितीही देखणी असली तरी जवारी बिघडली की तंबोरा मुका. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ही आनंदाची गोष्ट, पण ते मानांकन टिकणार आहे जवारी काढणाऱ्या हातांवर.

अमेरिकेत बॉक्स कॉल बनवण्याच्या कलेची कदर नाही असं मुळीच नाही. १९७३ साली स्थापन झालेली नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन ही संस्था पेट्या बनवणाऱ्यांच्या स्पर्धा भरवते. दक्षिण कॅरोलायनाचे नील कॉस्ट यांच्या पेट्या संग्राहक जिवापाड जपतात; वल्ह्यासारखं लांब झाकण ही त्यांची खासियत.

पण काचेच्या कपाटात बंद पेटी ऐकू येत नाही, आणि झाकणाचा बाक तर तिथे दिसतही नाही. जुन्या कारागिरांच्या पेट्यांबरोबर त्यांचे साचे, झाकणाच्या बाकाची मापं आणि प्रत्येक पेटीच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण जतन व्हायला हवं. पेटी विकणाऱ्यानेही झाकणाचा फोटो दोन्ही बाजूंनी द्यावा आणि घेणाऱ्याने खालचा आधी पाहावा.