अठरापैकी अठरा जिंकूनही घरी! अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये लहान कॉलेजच्या मुलींना येत्या मार्चमध्ये किती संधी?

१० मार्च २०२५. फ्लोरिडातलं पेन्साकोला. सन बेल्ट कॉन्फरन्सच्या महिला बास्केटबॉल स्पर्धेची फायनल. एका बाजूला व्हर्जिनियातली जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटी, दुसरीकडे आर्कान्सा स्टेट. जेम्स मॅडिसनच्या मुलींनी साखळीत १८ सामने खेळले होते आणि अठराच्या अठरा जिंकले होते. फायनल मात्र बरोबरीत सुटली, जादा वेळ खेळवावा लागला आणि आर्कान्सा स्टेटने ती ८६-७९ अशी मारली.

सहा दिवसांनी राष्ट्रीय स्पर्धेच्या ६८ संघांची यादी लागली. तीत आर्कान्सा स्टेटचं नाव होतं, जेम्स मॅडिसनचं नव्हतं. त्यांची बोळवण दुय्यम दर्जाच्या स्पर्धेवर झाली.

सगळी साखळी निर्विवाद जिंकायची आणि एका रात्रीच्या जादा वेळेत सगळं गमवायचं, हे तिथे नवीन नाही. पण नव्या हंगामाला सुरुवात होत असताना या प्रश्नाला वेगळी धार आली आहे, कारण त्यात आता पैसा आला आहे. मोठे संघ आणखी मोठे झाले आहेत आणि लहान कॉलेजांसाठी दार आणखी अरुंद होत चाललं आहे. कोण चॅम्पियन होणार याची चर्चा तिथली चॅनेल्स करतीलच. आपण जरा खालच्या रांगेकडे बघू.

कॉन्फरन्स म्हणजे काय, हे आपल्याकडच्या भाषेत

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा विभागवार होतात. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, गोवा, इंदूर, वडोदरा हे सगळे पश्चिम विभागात. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ दक्षिण विभागात, हैदराबाद आणि कलबुर्गीसोबत. कोल्हापूर आणि बेळगाव यांच्यात जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. दोन्हीकडच्या कित्येक मुली घरी मराठीच बोलतात, पण विद्यापीठाची जर्सी चढवली की वाटा वेगळ्या. विभागात वरचा नंबर आला तर पुढे अखिल भारतीय पातळीवर गाठ पडणार, नाहीतर नाही. राज्याची रेघ जिथे गेली तिथे मैदानाचीही रेघ गेली.

अमेरिकेतली कॉन्फरन्सही मुळात अशीच, शेजारपाजारच्या कॉलेजांची मोट. बसने जाऊन सामना खेळायचा आणि रात्री परत यायचं. डिव्हिजन वन या सर्वोच्च स्तरावर आजघडीला अशा ३१ कॉन्फरन्स आहेत. प्रत्येकीची आधी साखळी होते, मग मार्चमध्ये बाद पद्धतीची स्पर्धा. त्या स्पर्धेचा विजेता राष्ट्रीय स्पर्धेत थेट जातो. झाले ३१ संघ. उरलेल्या ३७ जागा निवड समिती भरते, वर्षभराची कामगिरी आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद बघून.

शेजाराचा हा हिशोब टीव्हीच्या पैशाने केव्हाच मोडला. २०२४ च्या उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ मधून दहा विद्यापीठं बाहेर पडली. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए आणि यूएससी या दोन संघांनी मध्य-पश्चिमेतल्या बिग टेनचा रस्ता धरला, तर स्टॅनफर्डने चक्क अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसीचा. आता न्यू जर्सीच्या रटगर्सला साखळीतल्या एका सामन्यासाठी साडेतीन-चार हजार किलोमीटर विमानाने जावं लागतं. बिग टेन नाव कायम आहे, संघ मात्र १८. एसीसीतही १८. दोन्हीकडे कॉन्फरन्स स्पर्धेत फक्त १५ संघांना जागा, तळाचे तिघे स्वतःच्याच कॉन्फरन्सच्या मांडवात प्रेक्षक. स्टॅनफर्डचं काय झालं? १९८७ नंतर पहिल्यांदाच, म्हणजे २०२५ मध्ये, ते राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिले. तारा व्हॅनडरव्हीअर यांच्यासारख्या प्रशिक्षक त्याआधीच्या वर्षी निवृत्त झाल्या होत्या, हेही खरं. पण नवं घर मानवलं नाही हे उघड आहे.

३७ जागांचा हिशोब

मागच्या मार्चची यादी घेऊन बसलं की गणित लख्ख दिसतं. बिग टेनचे १२ संघ, एसईसीचे १०, एसीसीचे ८, बिग १२ चे ७. चार बड्या कॉन्फरन्सचे मिळून ३७. त्यातले चार थेट विजेते म्हणून आलेले, म्हणजे समितीच्या ३७ जागांपैकी ३३ या चौघींच्या घरात गेल्या. उरलेल्या २७ कॉन्फरन्सच्या वाट्याला किती? चार. क्रेटन, रिचमंड, कोलंबिया आणि प्रिन्स्टन. त्यातही शेवटचे दोन एकाच आयव्ही लीगमधले.

त्यामुळे 'कॉन्फरन्स स्पर्धा' हे नाव एकच असलं तरी वरच्या घरात आणि खालच्या घरात ती दोन वेगळ्या गोष्टी असते. गेल्या वर्षी एसईसीच्या फायनलमध्ये साउथ कॅरोलायनाने टेक्सासला ६४-४५ असं धुतलं. बिग टेनच्या फायनलमध्ये यूसीएलएने यूएससीला ७२-६७ असं हरवलं. मग राष्ट्रीय स्पर्धेची चार अव्वल मानांकनं कुणाला? साउथ कॅरोलायना, टेक्सास, यूसीएलए, यूएससी. जिंकलेले दोघे आणि हरलेले दोघे, चौघेही एकाच पंगतीत. (साउथ कॅरोलायना आणि टेक्सास साखळीत बरोबरीत होते, तेव्हा एसईसीतला पहिला नंबर नाणं उडवून ठरला होता. इतक्या पैशाच्या खेळात शेवटी छापा-काटाच!) २०२२ मध्ये तर साउथ कॅरोलायना एसईसी फायनल केंटकीकडून हरली आणि महिन्याभरात राष्ट्रीय विजेती झाली. मोठ्यांसाठी ही स्पर्धा म्हणजे सराव, टीव्ही आणि वरच्या सोळात राहण्याची धडपड. वरच्या सोळा संघांना पहिल्या दोन फेऱ्या घरच्या मैदानावर मिळतात, तेवढा फायदा नक्की.

खालच्या घरात हरलं की विषय संपला. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये मागच्या साखळीत गोन्झागा आणि पोर्टलंड वर होते. स्पर्धेत ओरेगन स्टेटने उपांत्य फेरीत गोन्झागाला आणि फायनलमध्ये पोर्टलंडला, ५९-४६, बाहेर काढलं. त्या दोघांनाही समितीने बोलावलं नाही. आता हे ओरेगन स्टेट कोण? पॅक-१२ फुटल्यावर मागे राहिलेल्या दोन कॉलेजांपैकी एक. २०२४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठात होते. कॉन्फरन्स बुडाली आणि बहुतेक खेळाडू दुसरीकडे निघून गेल्या. उरलेल्या आणि नव्याने आलेल्या मुलींना घेऊन त्यांनी पाहुणे म्हणून खेळलेल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकून दाखवली. म्हणून बाद पद्धतीला सरसकट शिव्या घालणंही बरोबर नाही. आर्कान्सा स्टेटला त्या एका रात्रीमुळे पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धा दिसली. पहिल्याच फेरीत यूकॉनने त्यांना १०३-३४ असं चिरडलं ही गोष्ट वेगळी. यूकॉन पुढे बाराव्यांदा विजेते झाले, त्यांच्यापुढे कुणाचं काय चालणार होतं?

आता पैसा आला

पुरुषांच्या स्पर्धेत प्रत्येक सामन्यामागे कॉन्फरन्सला पैसे मिळायची पद्धत १९९१ पासून आहे. महिलांना यातलं काही मिळत नव्हतं. २०२१ मध्ये ओरेगनची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने महिलांच्या तुटपुंज्या वेट रूमचा व्हिडिओ टाकला आणि एनसीएएची अब्रू चव्हाट्यावर आली. त्यानंतर सुधारणांचा रेटा सुरू झाला. जानेवारी २०२५ च्या अधिवेशनात महिलांनाही वाटा देण्याचा ठराव २९२ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. २०२५ साठी दीड कोटी डॉलर, २०२६ साठी दोन कोटी, २०२७ साठी अडीच कोटी. पहिल्या वर्षाची रक्कम आपल्या रुपयांत सव्वाशे कोटींच्या वर जाते. संघ जितके सामने खेळेल तितका त्याच्या कॉन्फरन्सचा वाटा.

आता सन बेल्टच्या कार्यालयात बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमचा सगळ्यात तगडा संघ फायनलमध्ये हरला की तो घरी बसतो आणि वाटा एकाच संघापुरता उरतो, तोही बहुधा एका सामन्याचा. काल हा फक्त मानाचा प्रश्न होता, आज तो हिशोबाच्या वहीतला आकडा झाला आहे. माझा अंदाज असा की येत्या दोन-तीन वर्षांत लहान कॉन्फरन्स आपल्या स्पर्धेचा आराखडा साखळीतल्या पहिल्या नंबरच्या बाजूने आणखी झुकवतील. वेस्ट कोस्टमध्ये पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरी मिळते. काही कॉन्फरन्स वरच्या नंबरच्या संघाला घरच्या कोर्टवर सामना देतात. आयव्ही लीग फक्त चार संघ बोलावते.

आयव्हीचा दाखला मला महत्त्वाचा वाटतो. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. २०१७ पर्यंत स्पर्धाही नव्हती, साखळी जिंकली की तिकीट. त्याच पद्धतीने गेलेल्या हार्वर्डने १९९८ मध्ये सोळाव्या मानांकनावरून अव्वल मानांकित स्टॅनफर्डला त्यांच्याच घरी ७१-६७ असं हरवलं होतं. महिलांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची ती आजवरची एकमेव वेळ. पुढे टीव्हीसाठी आयव्हीनेही स्पर्धा सुरू केली. मागच्या मार्चमध्ये साखळीत पहिला आलेला कोलंबिया फायनलमध्ये हार्वर्डकडून ७४-७१ असा हरला. पण वर्षभर बाहेरच्या संघांशी चांगलं खेळलेलं असल्याने समितीने कोलंबिया आणि प्रिन्स्टन दोघांना घेतलं, आणि कोलंबियाने पहिलाच सामना वॉशिंग्टन या बिग टेनच्या संघाविरुद्ध जिंकला.

म्हणजे रस्ता आहे, पण तो नोव्हेंबर-डिसेंबरमधून जातो. साखळी सुरू होण्याआधीचे बाहेरचे सामने कुणाशी खेळले, तिथे जिंकले का, हे समिती बघते. नुसते विजय मोजून भागत नाही. ग्रँड कॅन्यन युनिव्हर्सिटीचं उदाहरण घ्या. भारताची कविता अकुला एकेकाळी याच कॉलेजकडून खेळली, म्हणून हे नाव आपल्याकडच्या बास्केटबॉलवाल्यांना माहीत असेल. मागच्या हंगामात ३२ विजय, दोन पराभव आणि कॉन्फरन्सचं अजिंक्यपद. मानांकन किती मिळालं? तेरावं. आणि अडचण अशी की बडी कॉलेजं लहान पण तगड्या संघाशी सामना ठेवायला सहजी तयार होत नाहीत. जिंकलं तर कौतुक नाही, हरलं तर नाचक्की.

दुसरं संकट मुली टिकवण्याचं. आता खेळाडू कॉलेज बदलून लगेच खेळू शकते. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठं वर्षाला दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंमध्ये वाटू शकतात. त्यातला मोठा हिस्सा फुटबॉलकडे जाणार हे सांगायला नको. तरी उरलेल्यातूनही बड्यांना लहान संघाची तारका उचलणं सोपं झालं आहे. खेळाडूच कशाला, ग्रँड कॅन्यनच्या प्रशिक्षक मॉली मिलर यांनाच अॅरिझोना स्टेटने नेलं. एकेक संघ चार वर्षं बांधायचा आणि यशाच्या पहिल्या चवीला तो विस्कटायचा, हे त्या प्रशिक्षकांचं रोजचं दुखणं आहे.

मोठ्यांचं काय?

थोडक्यात सांगतो. हंगामपूर्व क्रमवारीत यूकॉन पहिला. पेज बेकर्स व्यावसायिक लीगमध्ये गेली, तरी अॅझी फड आणि सारा स्ट्राँग आहेत. २०२० मध्ये बिग ईस्टमध्ये परतल्यापासून त्यांनी तिथली एकही स्पर्धा सोडलेली नाही, यंदाही सोडतील असं दिसत नाही. एसईसी सगळ्यात अवघड. साउथ कॅरोलायनाने टा'निया लॅटसनला आणलं, तर त्यांची मिलेशिया फुलवायली एलएसयूकडे गेली. टेक्सास आहेच. बिग टेनमध्ये जूजू वॉटकिन्स गुडघ्याच्या दुखापतीने पूर्ण हंगाम बाहेर, त्यामुळे यूसीएलए आणि लॉरेन बेट्स यांचं पारडं जड. बिग १२ मध्ये टीसीयूने नोत्र दामची ऑलिव्हिया माइल्स मिळवली. एसीसी मला सगळ्यात खुली वाटते. गतविजेता ड्यूक, एनसी स्टेट, हॅना हिडाल्गोचं नोत्र दाम, कुणीही येऊ शकतं.

जेम्स मॅडिसनबद्दल विचाराल, तर यंदाही सन बेल्टमध्ये त्यांचं नाव वरच असेल. पण समितीवर विसंबून चालणार नाही हे त्यांना कळून चुकलं असेल. डिसेंबरपर्यंत बड्या कॉन्फरन्सच्या संघांवर दोन-तीन विजय हवेत. ते नसतील तर पुन्हा सगळा भार मार्चमधल्या एका रात्रीवर.

यादी लागणार १५ मार्च २०२६ ला, रविवारी संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे. अंतिम चार संघ एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फिनिक्सला खेळतील. सोमवारी सकाळी चहा घेताना अव्वल मानांकनं बघून झाली की समितीच्या ३७ जागा एकदा मोजा. बड्या चौघींबाहेरची नावं मागच्या वेळी चार होती. माझा अंदाज तीन ते पाचच्या मध्ये. दोन निघाली तर जेम्स मॅडिसनसारख्यांनी साखळी जिंकून नेमकं काय मिळवायचं, याचं उत्तर लहान कॉन्फरन्सच्या बैठकीत त्याच आठवड्यात शोधावं लागेल.