सोळा वर्षांचा हिशेब

मैत्रिणींनो, आपल्या सोसायटीत चोरी झाली की पहिलं नाव पालावरच्या पोराचं निघतं. पुराव्याआधी असं नाव घेणं मला अजिबात मान्य नाही.

अंकुश मारुती शिंदे याचंच बघा. २००३ मध्ये नाशिकजवळ दरोडा आणि खून झाले. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले, त्यात हा अल्पवयीन. जखमी साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या फोटोंतून आधी ओळखलेले चौघे वेगळेच होते! तरी २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच कोर्टानं ५ मार्च २०१९ ला सगळ्यांना निर्दोष सोडलं. सरकारनं प्रत्येकी पाच लाख द्यावेत, असा आदेश.

कॉमर्सवालीनं भागाकार केला. सोळा वर्षं तुरुंग म्हणजे महिना साधारण २६०० रुपये. चिंचवडमध्ये धुणंभांडी करणारी बाई दोन घरांत याहून जास्त कमावते.