खरी खोली टेबलावरची

थ्रीडी सिनेमा म्हटलं की पोलादपुरात अजून ‘तान्हाजी’चा विषय निघतो. निघणारच, तानाजी मालुसऱ्यांची समाधी इथल्या उमरठला आहे. जानेवारी २०२०मध्ये तो चित्रपट थ्रीडीतही आला. माझ्या वर्गातली काही मुलं पनवेलला जाऊन पाहून आली आणि कितीतरी दिवस अंगावर येणाऱ्या भाल्या-बाणांचंच कौतुक करत होती. मी चित्रकला शिकवतो. माझं ठाम मत आहे, थ्रीडीचं चीज होतं ते स्टॉप-मोशनमध्ये.

बाहुली किंचित हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चौकटी. जिवंत नटाला थ्रीडीत टिपायचं तर दोन भिंगं एकाच क्षणी उघडावी लागतात. बाहुली जागची हलत नाही, त्यामुळे एकच कॅमेरा पुरतो. डाव्या डोळ्याचा फोटो घ्यायचा, कॅमेरा जरासा बाजूला सरकवायचा, मग उजव्याचा. २००९चा हेन्री सेलिक यांचा ‘कोरलाइन’ असाच चित्रित झाला. नायिकेच्या कंटाळवाण्या घराचे सेट त्यांनी मुद्दाम आखूड, चेपलेले बांधले; छोट्या दारापलीकडच्या भुलवणाऱ्या जगाला मात्र लांबवर खोली दिली. भाचीबरोबर तो थ्रीडीत पाहताना कोरलाइनच्या स्वेटरवर माझी नजर खिळली. इवल्याशा सुयांवर हातानं विणलेला खराखुरा स्वेटर! टाका न् टाका मोजावा इतका जवळ. भाचीनं तर हातच पुढे केला.

चष्म्यामुळे पडदा काळवंडतो, ही तक्रार रास्त आहे. प्रोजेक्टरचा उजेड कमी ठेवणाऱ्या थिएटरात हे सगळं काम मातीमोल होतं. चष्म्याचे जादा पैसे घेता, तर उजेडही पुरेसा द्या.

स्टॉप-मोशनची कला आपल्याला परकी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५मध्ये ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवल्या होत्या. सुरेश एरियट यांच्या मुंबईत घडणाऱ्या ‘टोकरी’ या मातीच्या बाहुल्यांच्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. आमच्या जिल्ह्यात पेणला शाडूच्या मूर्ती घडतात. दिवाळीत महाड-पोलादपूरच्या अंगणांत मुलं रायगड रचतात. दरवाजा केवढा ठेवला तर मावळा त्यातून जाईल, हे त्यांना बरोबर कळतं. अशा मुलांपर्यंत ‘कोरलाइन’सारखे चित्रपट पोहोचतच नाहीत. वितरकांनी दिवाळीच्या सुट्टीत सकाळचा एक खेळ मराठीत डब करून लावावा, शाळांनी एसटी ठरवून मुलांना न्यावं. सहलीचा याहून चांगला उपयोग मला तरी दिसत नाही.

यंदा किल्ल्यावर मावळा चढवताना मोबाइल फूटपट्टीला टेकवून, थोडा सरकवून, प्रत्येक पावलाला दोन फोटो काढायला मी वर्गाला सांगणार आहे. ते जोडून दाखवणारी मोफत अ‍ॅप आहेत, आणि चष्म्यासाठी लाल-निळा जिलेटिन कागद बाजारपेठेत मिळतो.